शाळूतला डबा

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण सख्ख्या भावाच्या नावाने मी खोटं कशाला सांगू?

मी प्रज्ञा. आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरची. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं कुणी मानत नाही. मीही मानत नव्हते.

गेल्या माघातली गोष्ट. रात्र नव्हती... भर दुपार होती.

आधी धम्मपालचं सांगते, माझ्या भावाचं. तो सरहद्दीजवळ एका ठाण्यावर होता. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथं आभाळावर पाळत ठेवणारे मनोरे आहेत. एकावर रडार, एकावर कॅमेरा, एकावर आवाज टिपणारं यंत्र. सगळ्यांचं मिळून एकच चित्र मोठ्या खोलीतल्या पडद्यावर दिसतं. शत्रूचा ड्रोन असो की क्षेपणास्त्र, तिथं कळायला हवं. त्यातल्या एका मनोऱ्यावर धम्मपाल बसायचा.

एका पहाटे ड्रोन आला आणि त्याच्याच मनोऱ्यावर पडला. त्यात धम्मपाल गेला.

वरून निरोप काय आला? ड्यूटीवर झोपला होता. त्याने कळवलंच नाही.

झोपला होता म्हणे! लहानपणी शाळूची राखण करताना ज्याने कधी डुलकी घेतली नाही, तो झोपला होता!

पोरगा गेल्याचं दुःख एकीकडं आणि हा शब्द एकीकडं. माझी आई द्रौपदा ज्याला त्याला एवढंच म्हणायची, तेवढा शब्द माघारी घ्यायला लावा.

आमची राखण कशी असते, ते सांगते. शाळू हुरड्यात आला की पाखरं पडतात. शेतातल्या कडुलिंबाला पत्र्याचा डबा टांगायचा, आत लोखंडाचा तुकडा, आणि दोरी राखणीच्या माळ्यापर्यंत. माळ्यावरच्याला थवा दिसला की तो दोरी ओढणार. खालच्याने "कुठंय, मला दिसत नाही" असं विचारायचं नाही. गुमान गोफण उचलायची.

दोरी कायम धम्मपालकडे असायची.

तो गेल्यावर आईने ती सोडून घरात खुंटीला अडकवली. डबा तसाच राहिला.

आणि माघात तो वाजला.

वारा नव्हता. शाळूचं पातं हलत नव्हतं. एकाएकी पाखरांचा कलकलाट थांबला... कुत्रं मान वर करून आभाळाकडं बघत राहिलं... आणि...

खण्. खण्. खण्.

आभाळ रिकामं.

थोड्या वेळाने पारगावच्या बाजूने उसावर फवारणी करणारा ड्रोन आला.

वानर असेल, मी म्हटलं. पण पुढंही तेच. आधी डबा... मग ड्रोन. एकदाही चुकलं नाही.

अशात धम्मपालचे साहेब, त्या मोठ्या खोलीत पडद्यासमोर बसणारे, घरी आले. सांत्वनाला म्हणे! चहा घेतला. आईने विचारल्यावर पुन्हा तीच टेप. पडद्यावर काही नोंद नाही मावशी, थकला असेल, डोळा लागला असेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात...

खण्.

कोण वाजवतंय, साहेबांनी विचारलं. मी खुंटीवरची दोरी दाखवली. आम्ही अंगणात आलो. शाळूत कुणी नव्हतं. डबा मात्र हिसके बसल्यासारखा वाजत होता.

साहेबांनी वर बघितलं आणि हसले. "काही नाही हो. पाखरं असतील."

बोलले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

लिंबावरून ड्रोन आला.

आई हळूच म्हणाली, "माझ्या लेकालाबी असंच म्हनला व्हता का, साहेब?"

साहेब ओट्यावर बसले. मग खाली मान घालून म्हणाले, "परत परत कळवत होता तो. बाकीच्या मनोऱ्यांना काही दिसत नव्हतं. पाखरं असतील, म्हणालो मी."

एवढं बोलून गेले. आता फोन उचलत नाहीत. कागदोपत्री माझा भाऊ अजून झोपलेलाच आहे. कुणाची लाज कुणाच्या माथी मारतात बघा.

आईने दोरी परत डब्याला बांधली. दुसरं टोक माळ्यावर नेऊन ठेवलं. माळ्यावर कुणी बसत नाही.

आता शाळूची काढणी झालीय. पाखरं नाहीत. पारगावचा ड्रोन बिघडून पडलाय.

तरी काल दुपारी कुत्र्याने मान वर केली...

डबा वाजला. दोरी माळ्यापर्यंत ताणलेली होती.

आभाळात अंधार पडेपर्यंत काही आलं नाही.

आईने काही विचारलं नाही. गोफण उचलली आणि शेतात जाऊन उभी राहिली.