सोनीचे शंभर गुण

१९९२ साली जळगावात नवी पेठेतल्या रतिलालच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. देवळात पंखा तरी माणसांसाठी असतो. इथल्या एसीचं तोंड यंत्राकडे वळवलेलं होतं. मी शाळेत गणित शिकवायचो आणि दुपारी उरलासुरला गारवा घ्यायला तिथे जाऊन बसायचो.

रतिलालनं कुठेतरी एक परदेशी खेळ पाहिला होता. त्यात योद्धा लहानाचा मोठा करायचा. जितकी माणसं मारली तितके त्याचे गुण वाढत. "मास्तर, आपण असा खेळ करू. गुण कसे वाढायचे ते तुम्ही ठरवा, यंत्राला मी सांगतो."

मी म्हटलं, खानदेशात माणसं मारून कुणी मोठं झालेलं माझ्या पाहण्यात नाही. इथे बाई मोठी होते ती दुसऱ्यांच्या लग्नात मांडे करून. तेव्हा योद्धा रद्द झाला आणि सात वर्षांची सोनी आली.

मांडे म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत रुमालाएवढा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. मी पीठ, पुरण, हात आणि विस्तव यांना पंचवीस-पंचवीस गुण दिले. पहिले दहा भराभर मिळत, कारण सुरुवातीला सगळेच कौतुक करतात. पुढचे रडवत. घाई केली की मांडा फाटे आणि तीन गुण जात. खेळ फार सोपा होऊ नये म्हणून मी सोनीला डावखुरी केली. शिवाय प्रत्येक पायरीला यंत्र थांबे. कुणी बटण दाबेपर्यंत सोनी हातावर मांडा घेऊन उभी.

बारकावे सांगायला अमळनेरजवळच्या खेड्यातून माझी आत्या झुंबरबाई एसटीनं आली. आसपासच्या पाच गावांत तिच्या मांड्यांशिवाय लग्न लागत नसे. खुर्चीवर मांडी घालून बसली आणि हसली.

"डावखोरी? डावा हातनं मांडा कोन टाकस रे भाऊ? मांडवमा लोके हासतीन."

"म्हणून तर अवघड, आत्या."

"आनि तिले शिकाडी कोन?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिनं घरची रीत सांगितली. खापर एकाच हातात राहतं. पोर तयार झाली की शिकवणारी चुलीपासून उठते. "मनी मायनी माले शिकाडं, मंग तिनी परत खापरले हात नही लावा."

मी त्या रीतीचं गणित केलं. शिकणारीचा एक गुण वाढला की शिकवणारीचा एक कमी. बेरीज कायम शंभर. इतकं सुबक गणित मला शाळेतही कधी सुचलं नव्हतं. यंत्रानं शिकवणारीचं नाव विचारलं. रतिलालनं 'झुंबरबाई' टाकलं, आत्या खूश होईल म्हणून.

क्लासची पोरं सोनीवर तुटून पडली. आठ दिवसांत सोनी चाळीसवर गेली. त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात आत्याचे चार मांडे फाटले. मी म्हटलं, वय झालं.

सोनी एकाहत्तरवर होती तेव्हा आत्यानं तापलेल्या खापरावर तळहात टेकवला. तापलंय हे तिला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, हात चांगले आहेत, मलम लावा.

सोनीचे शंभर झाले त्या दिवशी क्लासमध्ये पेढे वाटले. दोन दिवसांनी आत्या जिना चढून आली. पदराखालच्या ताटलीत पीठ होतं.

"याले काय करतस रे भाऊ?"

"हात दुखतो का?"

"हात ते मनाच शेतस. पन त्यास्ले काहीच याद नही."

तिची नात सुनंदा, तिचं लग्न बावीस दिवसांवर आलं होतं. आई नसलेली पोर, आत्यानंच वाढवलेली. पहिला मांडा आजीच्या हातचा, हे आत्यानं पाळण्यातच कबूल केलं होतं.

आत्यानं पडद्याकडे पाहिलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

"शिकनी का ती पोर?"

"शिकली. पूर्ण."

आत्यानं ताटली टेबलावर ठेवली. "मंग तिले सांग, आते तू माले शिकाड."

मी गणिताचा माणूस. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी रतिलालला म्हटलं, नावांची अदलाबदल कर. तोही हसला नाही. शिकवणारी सोनी, शंभर. शिकणारी झुंबरबाई, शून्य.

वीस दिवस दुपारी मी एकटाच बटण दाबत बसलो. पोरांना हात लावू दिला नाही.

गावाहून निरोप येत. गोळा वळता आला. पुरण जमलं. मांडा फाटला, पण कडेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पडद्यावर शंभर उमटले. सोनीपुढे शून्य. रतिलालनं यंत्र बंद केलं आणि वर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागे आत्या खापरासमोर बसली. गोळा घेतला, फिरवला. मांडा वाढत कोपरापर्यंत आला. पातळ, अखंड. बायका बघत राहिल्या. सुनंदा रडली.

टाकायला मात्र डावा हात पुढे आला.

कुणी हसलं नाही. आत्याही नाही. कारण तिनं मांडा टाकलाच नाही. तो हातावर तसाच धरून ती थांबली. चूल धडधडत होती. "टाक ना अक्का," कुणी म्हणालं. ते तिच्या कानावरच गेलं नसावं. तिनं मान वळवली आणि गर्दीत मला शोधलं.

मी मान हलवली.

तिनं मांडा टाकला, दुसरा गोळा घेतला, फिरवला, आणि पुन्हा माझ्याकडे पाहत थांबली.

त्या दिवशी एकशे चाळीस मांडे झाले. मला जागचं हलता आलं नाही.