कुंड गार व्हायला किती दिवस?

गरम पाण्याच्या कुंडापासून ऐंशी मीटरवर जमिनीत गार पाणी सोडत राहिलं, तर कुंड गार व्हायला किती काळ लागेल?

आमच्या कुंडवली गावाच्या ग्रामसभेत या कोड्याचं उत्तर अकरा मिनिटांत आलं. दोनशे वर्षं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझं डोकं तापलं होतं, आणि आज लिहितानाही ते फारसं थंड झालेलं नाही.

गोष्ट २०६१ सालची. मी, तन्वी, तेव्हा अकरा वर्षांची होते. गावाला भूऔष्णिक केंद्र (जमिनीतली उष्णता वापरायचं ठिकाण) मिळालं होतं. खोलवरचं कढत पाणी वर घ्यायचं, त्याच्या उष्णतेवर आमसुलं आणि मासळी सुकवायची आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडायचं. योजना छानच होती. प्रश्न एवढाच होता, की ही परतविहीर खणायची कुठे?

माझ्या आईची बोटं संधिवाताने सुजतात. रोज सकाळी अर्धा तास कुंडात हात बुडवले, की मगच तिला शिवणयंत्र चालवता येतं. कुंड गार झालं, तर आईचं शिवणकाम संपलं. आणि गावाला विहीर हवी होती ती कुंडाजवळच, कारण तिथे रस्ता आहे.

जिल्ह्याहून एक यंत्रमानव आला होता. त्याला सगळे दगडू म्हणायचे. त्याच्याकडे सदृशीकरणाची (खरी गोष्ट करण्याआधी ती संगणकात करून पाहण्याची) दोन सॉफ्टवेअर होती. एकाचं नाव 'शिलाचित्र', दुसऱ्याचं 'पाझर'. शिलाचित्रने अकरा मिनिटांत लाल-निळी सुंदर चित्रं काढली. पाझर म्हणालं, "मला दोन दिवस लागतील. आणि आधी काही प्रश्न विचारायचे आहेत."

आता आमच्या गावची रीत ऐका. ठराव झाल्याशिवाय आमच्याकडे पंगत बसत नाही. त्यामुळे भाताला वाफ आली, की ठराव भराभर होतात! आमटीचा वास सुटला होता. सरपंच रजनीताई म्हणाल्या, "दोन दिवस कोण बसणार हो? शिलाचित्र घ्या. हात वर करा."

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, भूशास्त्रज्ञ आहेत. ते "थांबा" म्हणाले, तर कुणीतरी मागून ओरडलं, "आबा, तुमचं सगळं सावकाशच!" लोक हसले. भराभर हात वर झाले. त्यात माझ्या आईचाही होता, सुजलेल्या बोटांचा.

मग मात्र मला राहवलं नाही. मी ताडकन उभी राहिले. "हे उत्तर साफ खोटं आहे!"

"तन्वे, बस गो खाली," आई पुटपुटली.

"नाही बसणार! मी दुसरीत होते तेव्हा कुंडाच्या वरच्या अंगाला तळं खणलं होतं. तेही ऐंशी मीटरवरच! तेव्हा कुंड कोमट झालं की नाही? तळं बुजवेपर्यंत तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोनशे वर्षं झाली का त्याला?"

सगळ्यांना ते आठवत होतं, हीच तर संतापाची गोष्ट. आठवत होतं आणि कुणी बोललं नव्हतं.

आबा उठले. ओट्यावरचा जांभा दगडाचा एक चिरा त्यांनी मधोमध ठेवला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. बरंचसं पाणी चिऱ्याने पिऊन टाकलं.

"दगडाच्या आत अशी बारीक भोकं असतात. त्याला म्हणायचं सच्छिद्रता. भोकं एकमेकांना जोडलेली असली, की पाणी आरपार जातं. ती पारगम्यता. आपला काळा कातळ असा पाणी पीत नाही, पण त्याला भेगा आहेत, आणि भेगांतूनही पाणी धावतंच. आता बघा, उष्णता दोन वाटांनी जाते. एक वहन, म्हणजे दगडाच्या एका कणाकडून शेजारच्या कणाकडे. आमटीत ठेवलेल्या पळीचा दांडा तापतो तसं. दगडात ही वाट फार म्हणजे फार हळू. दुसरी अभिसरण, म्हणजे वाहतं पाणीच उष्णता किंवा गारवा सोबत घेऊन जातं. ही वाट कितीतरी वेगाची. दगडू, शिलाचित्रला यातलं काय येतं?"

"फक्त वहन," दगडू म्हणाला. "ते खडक भरीव धरतं. पाणी वाहतं हे त्याला माहीत नाही."

"आणि हे तू सांगितलं नाहीस?" मी किंचाळलेच.

"मला कुणी विचारलं नाही."

शिलाचित्र वाईट नव्हतं हो. पाणी न झिरपणाऱ्या भरीव खडकासाठी ते उत्तमच असेल. पण झऱ्याच्या गावाला पाणी न ओळखणारं सॉफ्टवेअर! आंधळ्याला आरसा दाखवण्यातलाच हा प्रकार.

"मग निवडायचं कसं?" रजनीताईंनी विचारलं.

"ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तेच विचारायचं," आबा म्हणाले. "त्याला पडताळणी म्हणतात."

उत्तर आमच्या शाळेत होतं. दर शुक्रवारी मुलं कुंडाचं तापमान मोजून वहीत लिहितात. मोठी माणसं त्याला पोरखेळ म्हणायची. मी धावत जाऊन ती वही आणली. तळं भरल्यावर अठ्ठावीस दिवसांत पारा सेहेचाळीस अंशांवरून चौतीसवर आला होता. दोन्ही सॉफ्टवेअरना तळ्याची जागा आणि त्यातलं पाणी सांगितलं, वहीतलं उत्तर मात्र लपवलं. शिलाचित्र म्हणालं, "काही फरक पडणार नाही." पाझरने भेगा, पाऊस, कातळाची खोली असं सगळं विचारून घेतलं आणि दोन दिवसांनी सांगितलं, "सुमारे पंचवीस दिवसांत चौतीस ते छत्तीस अंश."

त्यामुळे सभेच्या दिवशी पंगत आधी बसली, ठराव नंतर झाला. कुंडवलीत असं पहिल्यांदाच घडलं.

मग पाझरला खरा प्रश्न घातला. विहीर रस्त्याकडेला खणली, तर कुंड सहा आठवड्यांत कोमट. ओढ्यापलीकडे खणली, तर चाळीस वर्षं धोका दिसत नाही. "त्यापुढचं मला खात्रीने सांगता येत नाही," असंही ते म्हणालं.

"ऐकलंत?" आबा खूश झाले. "आपल्याला काय कळत नाही, हेही ज्याला कळतं, ते निवडायचं."

रजनीताईंनी ठराव वाचला. पहिला हात आईचा वर गेला. या वेळी तिने आधी माझ्याकडे बघितलं.

विहीर ओढ्यापलीकडे झाली. ती चाळीस वर्षं संपतील तेव्हा मी एकावन्न वर्षांची असेन, आणि पुढचं गणित मीच मांडणार आहे. तोवर कुंडाशेजारी कुणी न विचारता साधा खड्डा तरी खणून दाखवावा. मग मी आहे आणि तो आहे!