रिकाम्या कॉइलमधला पाय

मी थापाड्या आहे, हे आमच्या अख्ख्या खात्याला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. थाप असती, तर शेवट तरी बरा केला असता.

बुधवार. दुपारचे सव्वादोन. हॉस्पिटलच्या तळघरातली आमची कार्यशाळा.

माझा थोरला भाऊ आणि मी तिथे एमआरआयसाठी कॉइल बनवायचो. कॉइल म्हणजे तांब्याच्या पट्टीचं कडं. पोटरीभोवती बसवून मशीनमध्ये सरकवलं, की स्नायू किती ऊर्जा तयार करतोय ते कळतं. मापाला पोटरी कायम दादाची.

"तुझ्या काटकुळ्या पायावर बेतली तर घालायची कुणाला? बगळ्याला?" म्हणायचा.

दादा जाऊन तीन आठवडे झाले होते.

त्याची अर्धवट राहिलेली कॉइल मी टेबलावरच्या तपासणी यंत्राला जोडली. कॉइल रिकामी असली की स्क्रीनवरची रेषा खोल खड्ड्यात उतरते. आत पाय आला की खड्डा उथळ होतो.

खड्डा उथळ होता...

केबल बदलली. टेबल बदललं.

उथळच.

मागे दादाची खुर्ची करकरली... भारी माणूस टेकल्यासारखी.

वहिनी वरच्या मजल्यावर एमआरआय मशीन चालवतात. त्यांना सांगितलं.

"भावजी, यातही थापा?"

"तुम्हीच बघा."

रिकामी कॉइल मशीनमध्ये गेली. स्क्रीनवर ऊर्जेचं शिखर उभं राहिलं... उंच.

वहिनींनी स्कॅन पुन्हा एकदा घेतला. मग म्हणाल्या, "हा जिवंत स्नायू आहे."

रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही बघायचो. रोज शिखर थोडं खाली. साठवलेलं संपत होतं, नवं काही येत नव्हतं.

"उपाशी आहेत हो ते. काहीतरी द्यायला हवं."

"कुठे द्यायचं, वहिनी?"

नवव्या दिवशी रेषा सपाट.

"गेले," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वेळी मी पोचले नव्हते. या वेळी जवळ तरी होते."

मग त्यांनी डबा उघडला. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

कॉइल मोडून टाकायची म्हणून मी खाली आणली. पट्टी कापण्याआधी सवयीनं केबल जोडली...

खड्डा उथळच.

ऊर्जा संपली होती. पाय आत तसाच होता.

याला दोन वर्षं झाली. कॉइल माझ्या कपाटात आहे. कापायला हात धजत नाही.

"सुटले ना हो ते?" वहिनी अधूनमधून विचारतात.

मी हो म्हणतो. एवढी एकच थाप मारताना माझी नजर खाली जाते.

काल पुन्हा जोडून बघितली...

उथळच.