संपाचं प्रकरण

ओमप्रकाश हस्तलिखित घेऊन नागपुरात सीताबर्डीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आला, तेव्हा गोपिकेनं मानही वर केली नाही. साल १९७३. तो शाळेत मास्तर होता, लाल झेंड्याच्या पक्षाचं काम करायचा आणि गिरणी कामगारांवर त्यानं पहिली कादंबरी लिहिली होती. टाइप करणाऱ्या या मुलीचे वडील, चंपतराव, वीस वर्षं गिरणीत माग चालवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आठवड्यानं तो परत आला. काम नवव्या प्रकरणाशी थांबलेलं…

"संपाचं प्रकरण राहिलं वाटतं?"

"राहिलं नाही, मीच थांबवलं. तुमचा पुढारी पानंच्या पानं बोलून राहिला, अन् कामगार नुसत्या टाळ्या वाजवून राहिले. एकालेही नाव नाही. काहून?"

त्याचे कान लाल झाले. "मी त्यांच्याच बाजूनं लिहितो."

"बाजूनं लिहिता… पण त्यांच्याजवळ बसता कधी?"

तो कागद उचलून तडक निघून गेला. रविवारी मात्र पत्ता शोधत तिच्या घरी हजर! तिचे वडील गिरणीत आहेत, हे पत्ता विचारतानाच त्याला कळलं होतं. चंपतरावांसमोर वही उघडून बसला. मग दर रविवारी येऊ लागला. मागच्या संपात बायकांनी साऱ्या चाळीसाठी एकच चूल कशी पेटवली, गेटवर कोण कोण उभं राहिलं — सगळं नावानिशी लिहून घ्यायचा. गोपिका चहा घेऊन आली की पेन थांबायचं.

"आज काही लिहिलं नाही?" तिनं एकदा विचारलं.

"लिहितोय की."

"वही उलटी आहे…"

उन्हाळ्यात त्यानं तिला मागणी घातली.

"पोरगा चांगला आहेस," चंपतराव म्हणाले. "पण संप झाला का पहिले तुमच्यासारखेच जेलात जाते. पक्षाचं काम सोड, पोरगी देतो."

गोपिका दाराआडून ऐकत होती.

"नाही सोडवणार, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "मग कोणत्या तोंडानं लिहू?"

तो उठला. गोपिका त्याच्या मागे गल्लीत धावली.

"तुम्ही हो म्हटलं असतं ना… त मीच नाही म्हटलं असतं."

"मग… आता?"

"आता घरात चला. बाबाले मी समजावीन."

समजवायला तिला चार महिने लागले. दिवाळीनंतर लग्न ठरलं, तेव्हा चंपतराव जावयाला एवढंच म्हणाले, "जेलात गेलास, त डबा मी आणून देईन."