समाधानाची वजाबाकी

इस्पितळातून बाहेर पडताना प्रत्येक रोग्याच्या मनगटावर आता तोषकंकण चढवत. 'कसं वाटलं?' असे विचारायचे दिवस सरले होते. माणूस तोंडदेखले बोलतो. कंकण नाडीतून आणि रक्तातून थेट मनाचा कौल घेई आणि समाधानाचा शंभरापैकी आकडा दाखवी. कायदा सरळ होता. कुणाचा आकडा चाळिसाच्या खाली गेला, तर त्याच्या असमाधानाचे कारण इस्पितळाला दूर करावेच लागे.

नंदावहिनी चाळिसाच्या वर फारशा कधी गेल्याच नाहीत. एसी फार गार, खुर्ची फार कडक, डॉक्टर सारखा घड्याळाकडे बघतो. त्यांच्यासारख्यांच्या पुण्याईने इस्पितळात मऊ सोफे आले होते. त्यांची नणंद कालिंदीबाई शाळेत गणित शिकवत आणि लहानपणच्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांचा आकडा चौऱ्याण्णव.

आणि त्यांच्या डाव्या स्तनात गाठ होती. ती तपासण्याचे यंत्र उभ्या बाईच्या उंचीचे. खुर्चीपर्यंत ते खालीच येत नसे. दोन खेपा त्यांना 'पुढच्या वेळी बघू' म्हणून परत पाठवले होते. खाली येणारी यंत्रे कारखान्यात बनत होती, पण राज्यभरातले दिव्यांग रोगी इतके समाधानी, की ती विकत घ्यायची कुणालाच गरज पडली नव्हती. उलट रोग्यांच्या एवढ्या समाधानाबद्दल इस्पितळाला मानाची ढाल मिळाली. ती द्यायला तोषकंकणाचे जनक डॉ. आमोद घैसास स्वतः आले आणि फोटोसाठी कालिंदीबाईंना त्यांच्याशेजारी बसवण्यात आले.

"डॉक्टर, माझी गाठ कुणी तपासत नाही आणि तुमचं कंकण म्हणतं मी खूश आहे," बाई म्हणाल्या. "ते बिघडलंय."

घैसास अवघडले. "बिघडलेलं नाही, बाई. समाधान म्हणजे वजाबाकी. मिळालं त्यातून अपेक्षित होतं ते वजा करायचं. तुमच्या वहिनी शंभर धरून येतात, नव्वद मिळतात, त्या चिडतात. तुम्ही..."

"मी शून्य धरून येते."

"त्याच्याही खाली. आज इथं सगळ्यात बरं कशाचं वाटलं तुम्हाला?"

बाईंनी आठवून पाहिले. "लिफ्ट चालू होती."

बोलल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. "मग काय, चिडायचं नाटक करू?"

"नाटक कंकणाला कळतं. अपेक्षाच वाढवावी लागेल. मनापासून."

"म्हणजे यंत्र बरोबर, मीच चूक!"

घैसास कॅमेऱ्याकडे वळले. फोटोग्राफर हसायला सांगत होता.

मग वहिनींनी शिकवणी सुरू केली. "हक्काचं आहे ते, कालिंदी. मागायचं नसतं, धरूनच चालायचं असतं!" गणिताच्या बाई घरी विद्यार्थिनी झाल्या आणि घोकू लागल्या, 'यंत्र माझ्यापर्यंत आलंच पाहिजे.' हळूहळू राग खरा होत गेला. आजवर आपण कशाकशाचे उपकार मानत आलो, हे आठवून त्या एकदा ढसाढसा रडल्या. गाठ आता बोटांना सहज लागत होती.

तिसऱ्या खेपेला तंत्रज्ञ वहिनींकडे बघून म्हणाला, "यांना उभं राहता येत नाही ना? मग पुढच्या वेळी बघू."

कालिंदीबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. वहिनींनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. अस्साच राग हवा. फक्त दारापर्यंत टिकवायचा होता.

दारात कंकण घेऊन नवी नर्स उभी होती. एरवी सगळे वहिनींनाच विचारत, 'यांचं नाव काय?', जणू खुर्चीत सामान ठेवले आहे. ही मुलगी मात्र उकिडवी बसली, थेट बाईंच्या डोळ्यांत बघत तिने विचारले, "तुमचं नाव काय हो, बाई? फार ताटकळलात ना?"

नको, नको, असे बाई मनाला बजावत राहिल्या. पण जन्मभराच्या उपाशी मनाने तेवढ्या घासावर झडप घातलीच. मनगटावर चढवताच कंकण हिरवे झाले. सत्त्याण्णव.

"सगळे पेशंट तुमच्यासारखे हवेत, बाई!" नर्स म्हणाली.

"अगं कालिंदी, काय केलंस हे!" वहिनींना रडू फुटले.

कालिंदीबाईंना स्वतःच्या मनाची किळस आली. त्यांनी पदराखालच्या गाठीवर हात घट्ट दाबून धरला. नर्सने खुर्ची ढकलत लिफ्टपर्यंत नेली. लिफ्ट चालू होती. कालिंदीबाईंना बरे वाटले.