कड्यावरचं झाड आणि वन्संचं कोपर

कड्यावरचं ते तांबूस झाड पडायच्या आत त्याचा एक धड फोटो काढायचा, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. मी, माझी थोरली नणंद आणि एक वाटाड्या. झाडाची अर्धी मुळं उघडी पडली होती. पुढच्या वादळात ते टिकायचं नाही, असं वाटाड्याचं ठाम मत.

माझा आयुष्यातला पहिला फसलेला फोटो याच झाडाचा. डोळ्यांना दिसतं तांबूस झाड, मागे हिरवं जंगल. कृष्णधवल फोटोत मात्र दोन्ही एकाच राखाडी रंगाची होतात आणि झाड जंगलात विरघळून जातं. शिकवायला कुणी नव्हतं, फिल्म नासवत शिकले. उपाय एकच, झाडामागे धुकं हवं. म्हणजे शहाणी माणसं ज्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत, नेमका तोच दिवस!

"घरी थांबा म्हटलं होतं ना, वन्सं?"

"आणि तू ते काळं फडकं डोक्यावर घेऊन मागे मागे सरकत दरीत गेलीस, तर माझ्या भावाला तोंड कोण दाखवणार?" ट्रायपॉड खांद्यावर टाकत वन्सं म्हणाल्या.

ओढा फुगला होता. वाटाड्यानं पलीकडे जाऊन दोर ताणून बांधला. पाणी कमरेला! पायाखालचे गोटे निसटत होते. मधेच माझा पाय सटकला. मी नाकातोंडात पाणी घेतलं, पण कॅमेऱ्याची पेटी वर धरली.

"जीव गेला तरी पेटी कोरडी!" वन्संनी ओरडून घेतलं.

दोर परतीसाठी तिथंच ठेवला. पुढे सुट्या दगडांची चढण, अंगावर येणारा वारा, आणि मग एकदम माथा. तिथं वारा पडला होता.

दरीतून धुकं सावकाश वर चढत होतं. बघता बघता मागचं सगळं जंगल पुसलं गेलं आणि ते झाड, फांदी न् फांदी वेगळी दाखवत, काळंभोर, एकटं उभं राहिलं. मी घाईघाईनं कॅमेरा लावला, फडक्यात डोकं खुपसलं.

बुंध्यासमोर एक झुडूप मधे येत होतं. वन्सं ते वाकवून धरायला गेल्या. आमचं हे नेहमीचंच. माझ्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. म्हणून आमचा नियम होता, मी फडक्यातून 'डावीकडे' म्हटलं की वन्संनी उजवीकडे सरकायचं.

त्या दिवशी शेजारी कडा होता. मी विचार करून, आधीच उलटवून, बरोबर तेच सांगितलं. "कोपर दिसतंय! जरा उजवीकडे!"

आणि वन्सं, नियमाला जागून, डावीकडे, थेट कड्याकडे सरकल्या.

मी मान खाली घालून फिल्म बसवली, शटर उघडलं. धुकं दुधासारखं मऊ उमटावं म्हणून ते बराच वेळ उघडं ठेवायचं होतं. मग वर पाहिलं.

"वन्सं, हलू नका!"

माती सुटली. झुडपासकट त्या घसरल्या! एक उघडं मूळ हाताला लागलं. त्यांनी ते छातीशी कवटाळलं. पाय अधांतरी!

मी धावले. पोटावर सरपटले. मागून वाटाड्यानं माझे घोटे धरले. दोर ओढ्यावर. काळं फडकं होतं! पीळ घालून खाली सोडलं.

"मनगटाला गुंडाळा!"

"मूळ सोडू कशी गं?"

"मी धरलंय! एकच हात सोडा!"

त्यांनी डोळे मिटले. हात सोडला. मी ओढलं. वाटाड्यानं मला ओढलं. एक गुडघा वर आला, दुसरा आला, आणि मूळ कडकन मोडलं!

झाडाचा आणखी एक आधार गेला होता, धुकं मात्र अजून तसंच, अगदी हवं तसं.

"आणखी एक फिल्म आहे ना?" धापा टाकत वन्संनीच विचारलं. "लाव की."

"नाही. खाली उतरायचं." मी शटर बंद केलं. ते उघडंच राहिलं होतं.

फिल्म वायाच गेली असणार. तरी धुऊन पाहिली. छापताना लाल दिव्याखाली, रसायनातल्या कागदावर झाड हळूहळू उमटलं, काळं, सुटं, फांदी न् फांदी. मी सरपटले, धडपडले, माझा मागमूस नाही. शटर उघडं असताना जे हलतं ते फोटोत राहत नाही. बुंध्याशी मात्र एक इवलीशी आकृती, न हलता मूळ कवटाळून राहिलेली, म्हणून स्वच्छ. झाड केवढं प्रचंड आहे, ते तिच्यामुळे पहिल्यांदा कळत होतं.

वन्संनी फोटो उजेडात धरला. निरखून पाहिला.

"कोपर आलंय बघ माझं."

"येऊ द्या," मी म्हटलं.