ण चा न

२०१७ साल. मी अठ्ठावन्न वर्षांची होते, कपडे शिवण्याच्या, दुरुस्त करण्याच्या माझ्या धंद्याला तिसावं वर्ष लागलं होतं, आणि मी सात कोरियन मुलांच्या प्रेमात पडले होते. आठव्याचं नंतर सांगते. तो कोरियन नव्हता.

पोरींनो, तुम्हाला वाटतं हे वेड तुमच्याबरोबर जन्माला आलं. माझ्याकडे ते कामातून आलं. जवळच्या हॉस्पिटलातल्या सात नर्सेसनी एका स्पर्धेसाठी नाच बसवायला घेतला होता. त्यांची हेडनर्स, चाळिशीची, ठसठशीत बाई, फोनवर एक व्हिडिओ घेऊन आली आणि म्हणाली, अशी सात जॅकेटं हवीत. जॅकेटाला बटणं किती ते मोजायला मी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहू लागले. पण ती मुलं एका जागी उभी राहतील तर शपथ. अकरा बटणं मोजून होईपर्यंत माझा तो व्हिडिओ चाळीस वेळा पाहून झाला होता, आणि एकेचाळिसाव्या वेळी मी बटणांकडे पाहिलंच नाही.

काय होतं त्यांच्यात? ते सात जण एकाच क्षणी वळायचे आणि सात जॅकेटांचे घेर एकदम उठायचे, एकदम बसायचे. एका कपड्याच्या दोन बाह्या सारख्या लागाव्यात म्हणून मी तीस वर्षं डोळे फोडले होते. सात माणसं सारखी लागलेली मी पहिल्यांदा पाहत होते. शिवण कुठेही दिसत नव्हती... आणि जिथे शिवण दिसत नाही तिथे किती वेळा उसवलेलं असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं. शब्द कळत नव्हते. पण गाण्यात एका जागी चाहते सातही जणांची नावं ओळीने पुकारायचे, मग सगळं संगीत दोन ठोके थांबायचं — अगदी गप्प — आणि मग पुन्हा धबधब्यासारखं कोसळायचं. त्या दोन ठोक्यांत माझा श्वास अडकायचा. रोज. ठरलेला.

मी धाकट्या भावाकडे राहायची. आधी बहिणींची लग्नं, मग त्याचं, असं करता करता माझं लग्न कापडाच्या शेवटच्या तुकड्यासारखं उरलं. टाकवत नाही आणि कशाला पुरतही नाही. माझं दुकान म्हणजे भावाच्या घराची जिन्याखालची जागा. शिलाई मशीन, एक स्टूल आणि डोक्यावर ट्यूबलाइट. खिडकी नाही. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर मी दारात जाऊन उभी राहायची.

भावजय मनाने वाईट नव्हती, जिभेने तिखट होती. ताई, या वयात देवाचं नाव घ्यावं, असं ती म्हणाली तेव्हा मी म्हटलं, घेते की, रोज सात नावं घेते.

तर अल्बम. त्यांचा नवा अल्बम एका गाण्यांच्या दुकानात आल्याचं हेडनर्सने सांगितलं. बाहेर भुरभुर चालू होती. मी छत्री मिटत आत शिरले, दुकानदार म्हणाला एकच उरलाय, आणि त्या एकावर दोन हात पडले. एक माझा. दुसरा लांब बोटांचा, मनगटावर चिकटपट्टीचा काळा रोल बांगडीसारखा अडकवलेला.

"भाचीसाठी हवा होता," मी घाईने म्हणाले.

"नातीसाठी," तो म्हणाला.

साठीचा असेल. केस पांढरे, पण दाट. हात काही त्याने काढला नाही. मीही नाही.

"तुमच्या भाचीला यातला कोण आवडतो?"

"डावीकडून तिसरा. त्याची कॉलर नेहमी एका बाजूने जरा वर राहते. फॅशन नाही ती, त्याचा तो खांदाच उतरता आहे..." मी जीभ चावली. "असं भाची म्हणते."

"भाची टेलर आहे?" त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच राहिली होती.

"तुमच्या नातीला कोण आवडतो?" मी मोर्चा वळवला.

"सगळ्यांच्या खालून गातो तो. त्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, पण तो काढून घेतला तर बाकीचे सहा हवेत लटकतील. नातीचं मत आहे हं."

"नात केवढी?"

त्याने मनगटावरचा रोल फिरवला. "नात... अजून झालेली नाही. मूलही नाही. खरं म्हणजे लग्नच..."

दुकानदाराला एकाएकी काउंटरखाली काहीतरी शोधायचं आठवलं. बराच वेळ तो खाली वाकून खांदे हलवत होता.

तो एका मोठ्या हॉलचा साउंडवाला होता. माइक, स्पीकर, वायरी यांत त्याची चाळीस वर्षं गेली होती. मला ती मुलं डोळ्यांनी कळली होती, त्याला कानांनी. मग अल्बमची वाटणी सोपी झाली. गाण्यांची डिस्क त्याने घेतली, फोटोंचं जाड पुस्तक मी. आत खेळातल्या पत्त्याएवढं एक फोटोकार्ड निघालं, माझ्या त्या उतरत्या खांद्याच्या मुलाचं. ते एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे असं ठरलं.

पण पोरींनो, पुस्तकाशिवाय डिस्क आंधळी आणि डिस्कशिवाय पुस्तक मुकं. म्हणून दर शनिवारी तो डिस्क आणि छोटा प्लेयर घेऊन माझ्या जिन्याखाली येऊ लागला. तो डोळे मिटून ऐकायचा, मी पानं उलटायची. माझ्याकडे पाहायचं असलं की तो डोळे उघडायचा. शनिवारागणिक ते जास्त वेळा उघडू लागले.

शब्द कळत नाहीत, याची दोघांनाही चुटपुट होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी चार वाजता कोरियन शिकवतात, हे त्यानेच शोधून काढलं. शिकवणारी बाई चोवीस वर्षांची, बाकीचा वर्ग शाळा-कॉलेजच्या मुलींचा, आणि शेवटच्या बाकावर आम्ही दोन पिकली पानं. बाईंचा नियम एकच, पण कडक. हो आणि नाही मराठीत म्हणायचं नाही. कोरियनमध्ये 'हो'ला म्हणतात 'ने', आणि 'नाही'ला म्हणतात 'आनी'. चुकेल त्याने उभं राहून गायचं. तो पहिल्याच दिवशी तीनदा चुकला. मला वाटतं, मुद्दाम. आवाज गोड होता त्याचा आणि ते त्याला माहीत होतं.

वर्ग सुटल्यावर जिन्याखाली चहा व्हायचा, आणि तिथेही तोच नियम पाळायचा असं आम्ही ठरवून टाकलं.

"साखर घालू?"

"ने."

"दमलात?"

"आनी."

"मी बावळट दिसतो का, टेलरबाई?"

"ने, ने."

असे सुखाचे तीन महिने गेले. मग तो शनिवार आला. स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. मी हेडनर्सला स्टुलावर उभं करून तिच्या जॅकेटाची बाही बसवत होते. माझ्या ओठांत पाच टाचण्या होत्या. साउंडवाले दारात उभे होते, डिस्क हातात, चप्पल पायातच. एरवी येताच बडबड सुरू करणारा माणूस एकदम सरळ उभा होता.

"टेलरबाई," तो म्हणाला, "हा अल्बम आता एकाच कपाटात ठेवायचा का? कायमचा?"

हेडनर्सला वाटलं कपाटाचं काही बोलणं चाललंय. मला कळलं काय विचारलं ते. कान तापले. बाही हातातून सुटली. आणि इतक्या वर्षांत न मागितलेली एकच गोष्ट पहिल्यांदा तोंडाशी आली. 'आणि माझं मशीन कुठे ठेवायचं?' असं मला विचारायचं होतं. कुणाच्याही घरी गेले तरी मी जिन्याखालीच बसायचं का, एवढंच.

पण ओठांत टाचण्या. बाहेर आलं ते फक्त, "आणि..."

त्याने डिस्क खिशात घातली. मग मान हलवली. "बरं," तो अगदी हळू म्हणाला. "रागावू नका हं." मी टाचण्या काढून दारात येईपर्यंत तो कोपऱ्यावरून वळला होता.

उद्या येईल असं मला वाटलं. आला नाही. फोन केला नाही. मी करायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. विचारलं त्याने होतं, पुढचं त्यानेच बोलायचं. गुरुवारी हेडनर्स स्पर्धेचं गाणं द्यायला त्याच्या हॉलवर जाऊन आली आणि येताना माझ्यासाठी एक पुडकं घेऊन आली. आत डिस्क होती. चिठ्ठी नाही, काही नाही. शनिवारी वर्गात त्याची जागा रिकामी.

माझा अर्थ मी लावला. मागणी घालताना बाप्या वाघ असतो आणि बाईने 'आणि' म्हटलं की मांजर होतो. बाईच्या अटी त्याला नको होत्या. मी डिस्क पुस्तकात घातली आणि पुस्तक कपाटात. झालं ना मग, एकाच कपाटात. त्या आठवड्यात भावजयीने एकदाही टोमणा मारला नाही. चहा आणून शेजारी ठेवायची आणि न बोलता जायची. ते जास्त लागलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शनिवारच होता. वर्ग संपल्यावर बाईंनी रिकाम्या जागेकडे पाहत हळूच विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?"

"आनी," मी सवयीने म्हणाले.

आणि माझा आवाज माझ्याच कानावर पडला.

मी मटकन बाकावर बसले. ओठांत टाचण्या असल्या की ण कसा निघणार? जीभ वळायला जागा कुठे असते? मी 'आणि' म्हणाले होते. त्याला 'आनी' ऐकू गेलं होतं. त्याने विचारलं होतं, अल्बम एकाच कपाटात ठेवायचा का. उत्तर काय, तर नाही. ध चा मा झाला तेव्हा एका पोराचा जीव गेला म्हणतात. इथे ण चा न झाला, आणि एक भला माणूस दोन आठवडे मला राग येऊ नये म्हणून तोंड लपवून बसला होता.

फोन लावला, तर बंद. कार्यक्रमाच्या तयारीत तो फोन खणात टाकतो, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल खच्चून भरला होता. मागे वर काचेची खोली, तिथे तो, कानांवर हेडफोन. जिन्याशी पहारेकरी. मी बरंच समजावलं, पण आपलं माणूस आत आहे हे सांगायला माझ्याकडे कागद नव्हता. मी परत, सोबत आलेल्या भावजयीशेजारी येऊन बसले. अकरा-अकरा बटणांची सात जॅकेटं रंगमंचावर आली. गाणं सुरू झालं. हेडनर्स वळली, सातही जणी वळल्या, सात घेर एकदम उठले... आणि बसले. एकही शिवण बोलली नाही. माझे डोळे भरले. पण मला डोळ्यांचं नव्हे, आज आवाजाचं काम होतं.

नावं सुरू झाली. अर्ध्या हॉलला पाठ होती. एक, दोन, तीन... सातवं नाव झालं आणि संगीत थांबलं. माझ्या ओळखीचे ते दोन ठोके.

मी खुर्चीवर चढले, मागे तोंड केलं, आणि जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज काढून ओरडले, "ने!"

हजार माणसं गप्प. मग गाणं कोसळलं आणि मी धपकन खाली बसले. भावजयीने माझा दंड धरला. तिला कोरियन कुठलं यायला. तिला ऐकू आली ती आपली मराठी. "ताई," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर म्हणायचंच होतं, तर निदान 'न्या' तरी म्हणायचं."

गाणं संपलं. टाळ्या ओसरल्या. निवेदक माइक तोंडाशी नेणार, तोच हॉलच्या सगळ्या स्पीकरांतून एक खर्जातला आवाज आला. एकच शब्द. ण अगदी स्वच्छ, टाळूला जीभ लावून.

"आणि?"

निवेदक माइक हलवून पाहू लागला. मी पुन्हा उभी राहिले. पुन्हा मागे तोंड केलं.

"आणि माझं मशीन. खिडकीपाशी."

स्पीकर जरा खरखरला. मग उत्तर आलं.

"ने."

लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या माझ्या हक्काच्या वाटल्या. नर्सेसना पहिलं बक्षीस मिळालं. पहारेकऱ्याने स्वतः येऊन मला वर नेलं.

"साउंडवाले ना तुम्ही?" मी त्या काचेच्या खोलीत शिरताच म्हणाले. "न आणि ण मधला फरक कळला नाही?"

"टाचण्यांतून गाळून आलेला सूर होता तो," तो म्हणाला. हेडफोन त्याच्या गळ्यात होते. "आणि आत्ता काय म्हणालीस? कोरियन की मराठी?"

"दोन्ही."

पुढचं थोडक्यात सांगते. हेडनर्स आता निवृत्त झाली. जॅकेट अजून तिला होतं, फक्त दोनदा मी बाजूच्या शिवणी सोडून दिल्या. मास्तरीणबाई कोरियात शिकायला गेली आणि तिथेच राहिली. वर्षातून एक पत्र येतं, त्यात ती आम्हाला हो-नाहीचे प्रश्न घालते. दुकानदार गिऱ्हाइकांना आमची गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वेळी अल्बमवर पडलेल्या हातांची संख्या वाढवतो. भावाने जिन्याखाली आता सायकली ठेवल्या आहेत. भावजय दर रविवारी येते, डावीकडून तिसऱ्याची खबर विचारते, आणि त्यात तिला काही विशेष रस नाही असं सांगते.

ते सातही जण एकामागून एक सैन्यातली सक्तीची नोकरी करून आले. वेगवेगळे गायले, मग एक दिवस पुन्हा एकत्र उभे राहिले. पूर्वीसारखे एकाच क्षणी वळले. माझ्या पोराची हनुवटी जरा भरली आहे. खांदा अजून उतरताच.

आणि माझं मशीन खिडकीपाशी आहे. काळ्यावर काळा दोरा मी बसल्या जागी घालते. साउंडवाल्यांना आता एका कानाने कमी ऐकू येतं. म्हणून त्यांनी काही विचारलं, की मी आधी सगळ्या टाचण्या काढून बशीत ठेवते, आणि मगच उत्तर देते.